पाठ फेब्रुवारीची, पुढचा भाग उन्हाळ्यातला: एका स्वेटरचं प्रकरण

ठिकाण नागपूर. सहा वर्षांच्या नातवासाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर. मोतिया रंगाची चार प्लाय मेरिनो लोकर, ५० ग्रॅमचे पाच गुंडे. नातू राहतो कॅनडात, कॅलगरीला, आणि तिथे सप्टेंबर सरता सरता बर्फ पडू शकतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये पार्सल निघालं पाहिजे आणि उन्हाळाभर सुया बाजूला ठेवण्याची चैन परवडणार नाही. विणणाऱ्या आजींचा हात चाळीस वर्षांचा. डिझाइन साधं: बॉर्डर एक सुलट एक उलट, वर सगळी सपाट वीण, म्हणजे उजव्या बाजूने सुलट ओळ आणि डाव्या बाजूने उलट.

फेब्रुवारीत पाठ पूर्ण झाली. पुढच्या भागाची बॉर्डर आणि वरच्या दहा ओळीही तेव्हाच झाल्या. मग परीक्षा, पाहुणे, एक लग्न. काम पुन्हा हातात आलं ते २२ एप्रिलला. नऊ दिवसांत ५८ ओळी झाल्या, त्याही बऱ्याचशा दुपारी, जेवणं आटोपल्यावर. गती कमी होती, हात चिकट होत होते, मांडीवर लोकर नकोशी वाटत होती. पण उन्हाळ्यात असं होतंच म्हणून कोणी फार लक्ष दिलं नाही.

दोष सापडला तो बगलेचे टाके बंद करायची वेळ जवळ आली म्हणून पुढचा भाग पाठीवर ठेवून पाहिला तेव्हा. खाली बॉर्डरपाशी दोन्ही तुकडे बरोबर जुळत होते. वर मात्र पुढचा भाग निमुळता झाला होता, दोन्ही कडांनी पाठ एकेक सेंटिमीटर बाहेर डोकावत होती. टाके मोजले, तर ९२. पाठीचेही ९२. ओळी मोजल्या, तर बॉर्डरच्या वर ६८. पाठीवर ६८वी ओळ जिथे येते, त्याच्या जवळजवळ एक सेंटिमीटर खालीच हा तुकडा संपत होता.

टाका गळलेला नव्हता आणि कुठे चुकून टाके घटवलेलेही नव्हते. बदलला होता तो हात.

पाठीवर १० सेंमीत २८ टाके आणि ३६ ओळी बसत होत्या. एप्रिलच्या तुकड्यावर ३० टाके आणि ३८ ओळी. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब करून बघा. ९२ टाके २८च्या मापाने ३२.९ सेंमी भरतात आणि ३०च्या मापाने ३०.७. नुसत्या पुढच्या भागात सव्वादोन सेंटिमीटरची खोट. पूर्ण उंचीच्या १२६ ओळी ३६ने ३५ सेंमी होतात, ३८ने ३३.२. म्हणजे खांदे जोडताना पुढची बाजू पावणेदोन सेंमी वर ओढली गेली असती आणि गळा मुलाच्या मानेला मागे खेचत राहिला असता. असे स्वेटर कपाटात पुष्कळ असतात. मूल घालायला कुरकुरतं आणि आपण म्हणतो, त्याला लोकर टोचते.

हात घट्ट का झाला

सुई धरणाऱ्या बोटांपेक्षा धागा सोडणारं बोट इथे महत्त्वाचं. उजव्या हाताने धागा फिरवणाऱ्या बायका बहुधा तो करंगळीला एक किंवा दोन वेढे देऊन तर्जनीवरून सोडतात. कोरड्या कातडीवरून धागा सरकतो. कातडी किंचित ओली झाली की तोच धागा अडतो, कारण दमट कातडीची पकड कोरडीपेक्षा कितीतरी जास्त असते. पाण्याने निथळणाऱ्या हातापेक्षाही हा अर्धवट ओला हात वाईट. प्रत्येक टाक्याला धागा थोडा उशिरा आणि थोडा ओढून येतो, फास लहान पडतो. त्यात टाके सुईवरही चिकटतात, ते पुढे ढकलायला आपण डाव्या हाताने तुकडा खाली ओढतो आणि त्या ओढीने फास आणखी आवळतो. विणणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण एका टाक्यात फरक पाव मिलिमीटरही नसतो.

आजींचा धागा करंगळीला दोनदा गुंडाळलेला असायचा. थंडीत ती सवय चांगली, टाके एकसारखे येतात. उन्हाळ्यात तोच दुसरा वेढा ब्रेक होतो.

लोकरीच्या जातीनेही फरक पडतो. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते, लेबल वाचून घ्यावं. साधारण दमट हवेत खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या १६ टक्क्यांच्या आसपास ओल पोटात घेते, ॲक्रिलिक जेमतेम दोन टक्के. म्हणून ॲक्रिलिकवर घाम पृष्ठभागावरच राहतो आणि धागा फार लवकर चिकट लागतो. खरी लोकर बराच वेळ सांभाळून घेते, मग मात्र तीही फुगते आणि जड होते.

‘उन्हाळ्यात सुती धागा घ्या’ हा सल्ला सगळीकडून मिळतो. ज्याला नुसती हौस भागवायची आहे त्याला तो ठीक आहे, जरी सुती धाग्याला लवचीकपणा नसल्याने मनगट लवकर भरून येतं आणि मोठा कपडा स्वतःच्या वजनाने लोंबतो. ज्याला कॅनडाला स्वेटर पाठवायचा आहे त्याला त्या सल्ल्याचा उपयोग शून्य.

करड्या रेषेचं लचांड

तुकडा नीट पाहताना आणखी एक गोष्ट दिसली. ओळीच्या सुरुवातीच्या पंधरा-वीस टाक्यांवर फिकट करडी झाक होती. मळ वाटावा अशी, पण मळ नव्हे. सुया जुन्या ॲल्युमिनियमच्या, दहा नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिमी, वरचा रंग मधल्या भागात उडालेला. उघड्या ॲल्युमिनियमवर खारट घाम लागला की धातूची करडी भुकटी सुटते आणि फिकट लोकरीवर बसते. परीक्षा सोपी: सुतीचा पांढरा कपडा ओला करून सुईवरून जोरात फिरवावा. करडी रेघ उमटली तर ती सुई उन्हाळ्यात फिकट रंगाला लावायची नाही, गडद रंगाला खुशाल वापरावी.

त्या जागी त्याच मापाच्या बांबूच्या सुया घेतल्या. बांबू गरम लागत नाही आणि घाम थोडा शोषतो, पण टाका धरून ठेवतो, त्यामुळे काहींचा हात त्यावर आणखी घट्ट होतो. म्हणून सुईची जात बदलली की नमुना, म्हणजे माप पाहायचा छोटा तुकडा, पुन्हा विणायचाच, आणि माप जुळल्याखेरीज तुकड्याच्या मध्यावर सुई बदलायची नाही, जोड दिसतो. प्लॅस्टिकच्या सुयांचा विचारही करू नये. बंद गाडीत दुपारी राहिल्या तर संध्याकाळी धनुष्य झालेल्या मिळतात.

चार नमुने

उसवण्याआधी माप घेतलं. बांबूच्या सुयांवर ४० टाके, ४० ओळी, लोकर तीच. पहिला नमुना सकाळी सहाला. दुसरा दुपारी तीनला, नुसत्या पंख्याखाली. तिसरा दुपारी तीनलाच, कूलरच्या बाजूला बसून, झोतात नाही. चौथा पुन्हा दुपारी पंख्याखाली, पण ३.५ मिमीच्या सुयांवर आणि करंगळीचा एक वेढा कमी करून.

चारही नमुने एकत्र धुतले, सावलीत पालथे पसरून वाळवले आणि दुसऱ्या दिवशी एकाच खोलीत मोजले. ही पायरी गाळता येत नाही. कूलरच्या खोलीतली हवा ओलसर असते, तिथे लोकर ओल घेऊन सैलावते आणि तुकडा खरा असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. एक तुकडा कूलरजवळ आणि दुसरा गच्चीलगतच्या कोरड्या खोलीत मोजला, तर नसलेला फरक सापडतो आणि असलेला लपतो.

मध्यावरचे १० सेंमी मोजले: सकाळी २८ टाके, दुपारी पंख्याखाली ३०, कूलरच्या बाजूला २९, आणि ३.५ मिमीवर दुपारी २८. म्हणजे बांबूने हात बिघडवला नव्हता आणि सकाळी सहाचा हात तोच फेब्रुवारीचा हात होता.

उसवणे

नणंदेने सुचवलं, ‘वहिनी, कशाला उसवता, धुतल्यावर ताणून टाचण्या लावा, होईल मोठं.’ एरवी हा उपाय वाईट नाही. लांबी भरपूर असेल आणि रुंदी थोडी कमी, तर लोकर ओली असताना आडवी ताणून घेता येते. इथे रुंदी आणि उंची दोन्ही कमी होत्या. आडवं ताणलं की उभ्यात आखडतं, आणि आखूडपणा आधीच अंगाशी आलेला. शिवाय सात टक्के ताणलेली लोकर पहिल्या धुण्यात बरीचशी मूळ मापावर येते. ते पहिलं धुणं कॅलगरीत होणार.

५८ ओळी म्हणजे ५,३३६ टाके उसवले. थेट खेचत सुटायचं नाही. जिथे थांबायचं त्या ओळीत, म्हणजे बॉर्डरच्या वरच्या दहाव्या ओळीत, आधी बारा नंबरची बारीक सुई टाक्याटाक्याच्या उजव्या पायातून ओवून घ्यायची, मग वरचं सगळं उसवायचं. धागा सुईपाशी येऊन आपोआप थांबतो आणि एकही टाका गळत नाही.

उसवलेला धागा शेवयांसारखा वाकडा असतो. तसाच विणला तर टाके खडबडीत येतात आणि मापही चुकतं. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधली, कोमट पाण्यात थोडं रिठ्याचं पाणी घालून वीस मिनिटं ठेवली, न पिळता टॉवेलमध्ये दाबली आणि सावलीत टांगली. नागपूरच्या मे महिन्यात अशी लडी दोन-तीन तासांत खडखडीत वाळते. उन्हात मात्र ठेवायची नाही. कडक उन्हाने पांढरी-मोतिया लोकर पिवळी पडते आणि तो पिवळेपणा निघत नाही.

नवी वाटणी

यानंतर कामाची वाटणी तासांप्रमाणे झाली, आणि प्रकरणाचं खरं मर्म मला इथे वाटतं. जे तुकडे आधी झालेल्या तुकड्याशी जुळायलाच हवेत ते थंड वेळेला. जे तुकडे फक्त एकमेकांशी जुळले तरी चालतं ते दुपारी.

पुढचा भाग पाठीशी जुळायला हवा. तो सकाळी साडेपाच ते साडेसहा, गॅलरीत, दहा नंबरवर. उरलेलं काम बगल आणि गळा वजा जाता ९,२०० टाक्यांच्या आसपास होतं. सकाळी मिनिटाला २० टाके पडत, तासाला १,२००. म्हणजे पावणेआठ तासांचं काम. ६ मेला सुरू होऊन १८ मेला संपलं. मधले काही दिवस कुरडयांनी खाल्ले. कुरडयांचा चीक पहाटेच घोटावा लागतो आणि विणायची वेळही तीच. विदर्भात मे महिन्यात सकाळवर वाळवणाचा हक्क आधीचा असतो, त्याला इलाज नाही. लोणच्याच्या दिवशी तर सुया उचलायच्याच नाहीत. हळद लोकरीला रंगासारखी चढते आणि साबणाने हात धुऊनही नखांच्या कडेला उरते.

बाह्या दुपारच्या. दोन्ही बाह्या एकाच वेळी, एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी. आधी एकीची ओळ, मग दुसरीची, मग सुई उलटवायची. हात कितीही बदलला तरी दोन्ही बाह्यांत सारखाच बदलतो, आणि एक बाही दुसरीपेक्षा लांब होण्याचा प्रश्नच राहत नाही. सुई ३.५ मिमीची, पण सरळ नव्हे, मध्ये वायर असलेली गोल सुई. तिच्यावरही पुढे-मागे सपाट विणता येतं. सर्वात रुंद जागी दोन्ही मिळून १४० टाके होतात. सरळ सुयांवर ते सगळं वजन मनगटावर आणि मांडीवर येतं, वायरवर ते मध्ये लोंबतं आणि समोरच्या स्टुलावर ठेवता येतं. स्टूल गुडघ्याच्या उंचीचं, त्यावर सुती पंचा, पंचावर लोकर. मांडीला लोकर लागतच नाही, आणि दुपारी वेळेआधी उठावंसं वाटण्याचं निम्मं कारण मांडीवरची लोकर हेच असतं.

बाहीचं माप असं: बारा नंबरवर ४६ टाके, १८ ओळी बॉर्डर. मग मोठी सुई, दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा, असं बारा वेळा. ७२ ओळींनंतर ७० टाके होतात. पुढे २२ ओळी सरळ. मग वरची गोलाई. बाहीच्या बाबतीत ओळी मोजून थांबायचं नाही असं ठरवलं. गोलाई सुरू करण्याआधी टेपने बॉर्डरच्या खालच्या कडेपासून ३१ सेंमी भरले पाहिजेत, ओळी कितीही होवोत. शेवटी ९४ऐवजी ९६ लागल्या.

दुपारचा वेग मिनिटाला १४ टाके, त्याहून वर नेण्याचा आग्रह धरला नाही. दोन्ही बाह्यांचे मिळून १६,००० हून थोडे जास्त टाके, म्हणजे साडेएकोणीस तास. रोज पाऊण तास धरला तर २६ बैठका. बैठक अशी: हात साबणाने धुऊन, मनगटावर गार पाणी सोडून, कोरडे पुसून सुरुवात. क्रीम नाही, तेल नाही. पावडर फिकट लोकरीवर दिसत नाही म्हणून चिमूटभर चालते. गडद निळ्या किंवा काळ्या लोकरीवर तीच पीठ सांडल्यासारखी दिसते. दर चार ओळींनी हात पुसायचे. वीस मिनिटांनी पुन्हा धुवायचे. तर्जनीवर धागा घासून लाल रेघ उठायला लागली तेव्हा जुन्या मलमलीची बोटभर पट्टी गुंडाळली, आणि तिचा फायदा अपेक्षेपेक्षा जास्त झाला, कारण धागा कातडीला लागेनासाच झाला. कूलरच्या समोर नाही, बाजूला. तरी समोरच बसायचं असेल तर निदान गुंडा झाकणाच्या डब्यात असावा, नाहीतर तुषार थेट लोकरीवर बसतात.

पावसाआधीचा पंधरवडा

नागपूरचा मे वाईट वाटतो, पण विणणाऱ्याला त्यात एक सवलत असते: हवा कोरडी. ४४ अंशांतही पंख्याखाली घाम उडून जातो आणि कूलर काम करतो. खरा त्रास जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झाला. ढग आले, हवा दमट झाली, कूलरचा उपयोग संपला. तापमान सात-आठ अंशांनी उतरूनही हात आधीपेक्षा चिकट. बाह्यांची वरची गोलाई नेमकी याच दिवसांत आली आणि तीन दिवस काम पूर्ण बंद ठेवावं लागलं. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याकडच्या विणणाऱ्यांचा सगळा मे असाच असतो. तिथे पारा साधारण ३४च्या आसपासच असतो, पण घाम उडत नाही. त्यांना सकाळच्या तासाचा फायदा नागपूरइतका मिळणार नाही. बोटावरची पट्टी, एक वेढा कमी आणि पाव मिलिमीटर मोठी सुई हेच त्यांचे उपाय.

कोरड्या मे महिन्याचा दुसरा फायदा मात्र अर्धाच घेतला गेला. पाठ आणि पुढचा भाग १९ मेला धुऊन, खाटेवर जुनं धोतर पसरून, मापावर टाचण्या लावून वाळवले. सकाळी घातले, दुपारी जेवणाआधी कोरडे. बाह्या २३ जूनला संपल्या, आणि त्या वाळायला पंख्याखाली दोन दिवस लागले; तरी आत कुबट वास राहिला आणि पुन्हा धुवाव्या लागल्या. बाह्या पुढच्या भागाआधी घेतल्या असत्या तर हे टळलं असतं का? कदाचित. पण मग पुढचा भाग जूनच्या दमट सकाळींत आला असता, आणि तो धोका मोठा होता.

झालेले तुकडे ठेवण्यातही एक चूक झाली. पाठ फेब्रुवारीपासून प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, न धुता. विणताना लोकरीला हाताचा घाम लागतोच, आणि घामट लोकरीला कसर आधी लागते. सुदैवाने ती लागलेली नव्हती. नंतर सगळे तुकडे धुऊन सुती कापडात बांधले, डांबराची गोळी वेगळ्या कागदात, लोकरीला थेट न टेकता. पावसाळ्यात प्लॅस्टिक नकोच, आतली ओल आतच राहते.

शिवण जुलैच्या पहिल्या आठवड्यात. बाजूच्या कडा समोरासमोर ठेवून ओळीला ओळ जोडली. बगलेपर्यंत ७६ ओळी पाठीच्या, ७६ पुढच्या, एकही ओढून घ्यावी लागली नाही. बाहीची गोलाई बगलेत बसवताना वरच्या भागात थोडी ढील उरली, ती खांद्याच्या शिवणीलगत वाटून टाकली. गळ्याला बारा नंबरवर ९६ टाके उचलून आठ ओळी बॉर्डर घातली, आणि टाके बंद करताना मोठी सुई घेतली, डोकं सहज जावं म्हणून. पाचव्या गुंड्यातली थोडी लोकर उरली. तिचा छोटा गुंडा लिफाफ्यात घालून स्वेटरच्या घडीत ठेवला, कोपर फाटलं तर रफू करायला.